मागच्या बाकावरील मूल

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट. शाळा उघडून आठवडा लोटला होता. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या ओट्यावर उभे होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक बाई आपल्या अकरा वर्षांच्या मुलाचा हात धरून समोर येऊन उभी राहिली. नवरा हुबळीच्या मार्केट यार्डात हमाली करतो, बाई स्वतः दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते. मुलाची मान खाली होती.

"फादर, ह्याला शाळेतनं काढतो ओ आम्ही," बाई म्हणाली. "पाचवीत गेला, पण एक ओळ धड वाचता येत नाही. मास्तर म्हणतात, डोक्यात काही शिरत नाही ह्याच्या. मामाच्या ग्यारेजात घातला तर चार पैसे तरी मिळवील. तुम्ही तेवढं शाळेत सांगा, दाखला द्या म्हणावं."

मुलास आम्ही ओळखले, आणि त्याच क्षणी मनात काहीतरी खटकले. दोन वर्षांपूर्वी आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर बसत असे. एका रविवारी आम्ही त्यास उभे करून पुस्तकातील एक परिच्छेद वाचावयास सांगितले होते. तो उभा राहिला, पुस्तक हातात थरथरू लागले, तोंडातून शब्द फुटेना. मुले हसली. "घरी पुस्तक उघडतच नाहीस वाटतं," असे काहीसे बोलून आम्ही त्यास वर्ग संपेपर्यंत तसेच उभे ठेवले होते. त्यानंतर तो वर्गास आला नाही, आणि तो का येत नाही ह्याची चौकशी आम्हीही केली नाही. त्या दिवशी ओट्यावर त्याची ती खाली गेलेली मान पाहून आम्हांस समजले की, ह्या दाखल्यावर एक सही आमचीही आहे.

"बाई, दाखल्याचे पुढे पाहू," आम्ही म्हटले. "चार रविवार ह्याला आमच्याकडे पाठवा."

पहिल्या रविवारी आम्ही पुस्तक उघडलेच नाही. पेरणाऱ्याचा दाखला तोंडी सांगितला आणि विचारले, "आता तू सांग पाहू." मुलाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा दाखला सांगितला, आणि मग थांबून आम्हांसच विचारले, "पण फादर, आमच्याकडे तर तिफणीनं पेरतात. मग बी वाटेवर पडतं कसं?"

वाचकहो, आम्ही सेमिनरीत अनेक वर्षे अभ्यास केला, त्या दाखल्यावर कितीतरी प्रवचने दिली, परंतु हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. त्या देशात मुठीने बी फोकून पेरीत असत, म्हणून काही दाणे वाटेवर जात, हे आम्ही त्यास सांगितले; तेव्हा त्याचा चेहरा उजळला. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही असे म्हणत होते, त्या मुलाच्या डोक्यात दाखला तर शिरलाच होता. शिवाय त्याने तो आपल्या काळ्या रानात नेऊन पडताळूनही पाहिला होता. धडा त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता तो केवळ एका वाटेने, डोळ्यांच्या वाटेने. कानाची वाट मोकळी होती. ती आम्ही कधी वापरली नव्हती.

अडचण एकच नसते

त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाचा थोडाफार अभ्यास करू लागलो. जे समजले ते आपल्या कुटुंबांपुढे मांडावे, कारण अशी मुले आपल्या प्रत्येक गावात आहेत, म्हणून हा लेख.

"मूल शिकत नाही" ह्या एका वाक्यामागे निरनिराळी कारणे दडलेली असतात. एखाद्यास फळा अंधुक दिसतो आणि साध्या चष्म्याने काम भागण्यासारखे असते. एखाद्याचा कान वारंवार फुटून वाहतो, त्यामुळे त्यास अर्धेच ऐकू येते. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की उरलेले अर्धेही हरवते. कोणास समजावयास वेळ लागतो. तीच गोष्ट चार वेळा, चार तऱ्हांनी सांगावी लागते. कोणास एका जागी दहा मिनिटे बसवत नाही. आणि काहींस इतर सर्व येते, परंतु अक्षरे मात्र हाती लागत नाहीत. ह्या शेवटल्या अडचणीस अध्ययन अक्षमता म्हणतात. डिस्लेक्सिया हा तिचा एक प्रकार.

ह्या अडचणीचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. बोलणे हे मूल घरात ऐकून आपोआप शिकते. वाचणे तसे येत नाही, ते शिकवावे लागते. कागदावरील खूण ओळखावयाची, तिचा ध्वनी आठवावयाचा, ध्वनींची साखळी जुळवून शब्द करावयाचा आणि त्या शब्दाचा अर्थ मनात आणावयाचा. आपणांस हे सारे एका क्षणात होते म्हणून त्यातील कष्ट दिसत नाहीत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची खूण आणि ध्वनी ह्यांची गाठ लवकर बसत नाही. पहिला शब्द लावता लावताच त्याची शक्ती संपते आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत तिचा आरंभ विसरलेला असतो. ह्यात डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचा नाही, आणि आळसाचा तर मुळीच नाही.

आता आपल्या हुबळी-धारवाडकडील मराठी घरातील मुलाचा विचार करा. प्रार्थनापुस्तक देवनागरीत, शाळेचे पुस्तक कन्नड लिपीत, आणि इंग्रजी रोमन लिपीत. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म ह्यांत फरक तो किती? कन्नडमध्ये प, ष आणि व ही तीन अक्षरे एकमेकांच्या सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. इंग्रजीतील बी आणि डी तर एकमेकांची आरशातील छबीच. धडधाकट मूल ह्या तीन लिप्यांचे ओझे हसतखेळत उचलते आणि मोठेपणी त्याचा त्यास लाभच होतो. पण ज्याची एकाच लिपीशी झुंज चालली आहे, त्याच्यावर तिहेरी भार पडतो, आणि आपण मात्र म्हणतो, "ह्याच्या वयाचा शेजारचा पोरगा पाहा!"

धारवाडचा जुना अनुभव

धडा मुलापर्यंत न पोहोचण्याचे सर्वांत जुने कारण म्हणजे भाषा, आणि ह्या बाबतीत आपल्या धारवाडचा इतिहास बोधप्रद आहे. मराठी माणसाने तो प्रांजळपणे आठवावा असाच आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. पुढे तो मुंबई इलाख्यात मोडू लागला. कचेरीची भाषा मराठी होती, म्हणून शाळेची भाषाही मराठी राहिली. घरी कन्नड बोलणारी शेतकऱ्याची, विणकऱ्याची मुले शाळेत येऊन मराठी अक्षरे गिरवीत. गुरुजी काय सांगत आहेत हे त्यांस उमगत नसे. ती मुले मंद होती काय? मुळीच नाही. धडाच त्यांच्या भाषेत नव्हता. वॉल्टर एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हे ध्यानात आले आणि १८३० च्या सुमारास त्याने धारवाडात कन्नड शाळा सुरू केली. पुढे डेप्युटी चन्नबसप्पा ह्या धारवाडच्याच थोर शिक्षणाधिकाऱ्याने कन्नड शाळांसाठी आणि कन्नड शिक्षक तयार करण्यासाठी आपले आयुष्य वेचले. जी मुले शाळेपासून दूर राहत होती, तीच मग शाळेत टिकू लागली. मुले तीच, गावे तीच. केवळ धड्याची भाषा बदलली.

आज पारडे उलटे झाले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर धारवाड कन्नड राज्यात आले आणि आता मराठी वा कोंकणी बोलणारे आपले मूल कन्नड वर्गात बसते. ह्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. ज्या मातीत राहावयाचे तिची भाषा यावयासच हवी. परंतु पहिल्या वर्षी शिक्षकाने नवा शब्द सांगताना वस्तू दाखविली, चित्र काढले, किंवा वर्गातील दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुलास शेजारी बसविले, तर तेच मूल सहा महिन्यांत उभे राहते. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कन्नड मुलास जे हवे होते, तेच आज आपल्या मुलास हवे आहे.

गदगचा आश्रम

धारवाडकडे गवयांची वाण नाही. इथे संगीत शिकण्याची रीत अशी की, पुस्तक नाही, फळा नाही. गुरूने गावे आणि शिष्याने ऐकून गळ्यात उतरवावे. ह्या विद्येस कोणी अडाणी म्हणत नाही. मग शाळेतील विद्याच केवळ डोळ्यांनी का यावी?

हुबळीहून सुमारे ६० किलोमीटरांवर गदग हे शहर आहे. १९९७ पर्यंत ते धारवाड जिल्ह्यातच होते. तेथील वीरेश्वर पुण्याश्रम पंचाक्षरी गवई ह्यांनी उभारला. ते स्वतः अंध होते. १९४४ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे शिष्य पुट्टराज गवई ह्यांनी आश्रमाची धुरा उचलली; तेही अंध. अंध आणि निराधार मुलांस जातिधर्माचा भेद न पाहता आश्रय द्यावा, जेवू घालावे आणि संगीत शिकवावे, हे व्रत पुट्टराजांनी २०१० साली देह ठेवीपर्यंत चालविले. त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. पंचाक्षरी गवयांच्या शिष्यांत डोळस मुलेही होती. धारवाडचे नामवंत गायक बसवराज राजगुरू हे त्यांपैकी एक. म्हणजे डोळसांनी अंधाकडून विद्या घेतली! जो स्वतः एका वाटेस मुकला आहे तो दुसऱ्या वाटा अधिक ओळखतो, हेच खरे.

पुट्टराज गवई ब्रेल लिपीत वाचीत आणि लिहीत. फ्रान्समधील लुई ब्रेल हा तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यातील हत्याराने त्याच्या डोळ्यास इजा झाली आणि पुढे दृष्टी गेली. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असताना, अवघ्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, त्याने सहा उठावदार टिंबांची लिपी रचली. बोटाने वाचावयाची ही लिपी भारतीय भाषांसाठी १९५१ साली एकरूप करण्यात आली. तिच्यातील एक गंमत वाचकांनी ध्यानात घ्यावी. डोळस मुलास मराठीचा क निराळा आणि कन्नडचा क निराळा शिकावा लागतो. अंध मुलाच्या बोटाखाली दोन्ही भाषांचा क सारखाच असतो. आपण ज्यास अडचणीतले म्हणतो, त्याच्यासाठी विचारपूर्वक केलेली सोय ही कधीकधी आपल्या नेहमीच्या सोयीहूनही सरस ठरते.

ज्यांस ऐकू येत नाही

बहिऱ्या मुलांची कथा आपल्या लोकांस विशेष जवळची वाटावी. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आब्बे द लेपे नावाचे एक धर्मगुरू होते. एका घरी त्यांस दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. ह्या मुलींस धर्मशिक्षण कसे मिळणार, ह्या काळजीने त्यांनी १७६० च्या सुमारास बहिऱ्या मुलांसाठी मोफत शाळा सुरू केली. त्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी आपली भाषा मुलांवर लादण्यापूर्वी मुलांच्या हातवाऱ्यांची भाषा आपण शिकून घेतली. शिक्षक आधी विद्यार्थी झाला.

आपल्या मुंबईतही १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन ह्या येशूसंघीय धर्माध्यक्षांनी मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. भारतातील अशा प्रकारची पहिली शाळा होण्याचा मान तिला दिला जातो. त्या काळी बहिऱ्या मुलास वेडगळ समजून घराच्या कोपऱ्यात ठेवण्याची चाल होती. त्याच सुमारास, १८८० साली, इटलीतील मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने हातवाऱ्यांऐवजी ओठांच्या हालचाली पाहून बोलावयास शिकविण्याचाच आग्रह धरला. त्यामुळे पुढील अनेक वर्षे कितीतरी शाळांतून बहिऱ्या मुलांची स्वतःची भाषा हद्दपार झाली. २०१० साली त्याच परिषदेने त्या ठरावाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. विद्वानांच्याही हातून अशा चुका होतात. मग आपल्यासारख्यांनी तर अधिकच सावध असावे. आता आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीस स्वतंत्र केंद्र असून शालेय पुस्तके त्या भाषेत आणण्याचा करार २०२० साली झाला आहे.

शुभवर्तमानातील बहिऱ्या मनुष्याची हकिकत आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रभूने त्यास गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेस स्पर्श केला. ज्यास ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू प्रथम स्पर्शाने बोलला. हे आम्ही कित्येकदा वाचले होते. परंतु त्यात शिक्षकासाठीही काही शिकवण आहे, हे ध्यानी यावयास आम्हांस मागच्या बाकावरील एका मुलाची गरज पडली.

थोड्यांसाठी केलेले सर्वांच्या कामी येते

येथे एखादा शिक्षक म्हणेल, "फादर, तुमचे म्हणणे सोन्यासारखे, पण एका वर्गात चाळीस मुले, हाती एक खडू, आणि वर्षाअखेरीस पुरा करावयाचा अभ्यासक्रम. एकेका मुलासाठी निराळा धडा कोठून आणू?" ही अडचण खोटी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. प्रत्येक शाळेत ते घडतेच असे नाही. शिक्षकास दोष देऊन हात झटकणे आम्हांस मान्य नाही. ज्याने स्वतः एका मुलास तासभर उभे ठेवले, त्याने तर नाहीच नाही.

परंतु प्रत्येकासाठी निराळा धडा हवा आहे कोठे? हवा आहे तो एकच धडा, अनेक दारे असलेला. डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या इटालियन विदुषीने प्रथम रोममध्ये मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी हाताळावयाची साधने तयार केली. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवावयाची, मणी ओवून मोजावयाचे. त्या मुलांची प्रगती पाहून तिच्या मनात आले की, ह्याच रीतीने सर्वसाधारण मुले का शिकू नयेत? १९०७ साली तिने गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि ती रीत जगभर गेली. ती स्वतः १९३९ साली भारतात आली आणि युद्धाची सारी वर्षे येथेच राहिली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी तोच बालशिक्षणाचा विचार ठाणे जिल्ह्यात बोर्डी व कोसबाड येथे गरिबांच्या अंगणात नेला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्यावी. मुले गुरांमागे कुरणात जातात तर तेथेच कुरणशाळा भरवावी. वारल्यांच्या मुलांस त्यांनी 'गैरहजर' म्हणून नाव काढून टाकले नाही. शाळाच त्यांच्यापाशी हजर केली.

आपल्या कर्नाटकातही असे उदाहरण आहे. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली 'नलि-कलि', म्हणजे आनंदाने शिक, ही पद्धत सुरू झाली. वर्गात मुले गटागटाने जमिनीवर बसतात. धड्याचे लहान लहान तुकडे चित्रांच्या पत्त्यांवर असतात आणि भिंतीवर शिडीसारखा तक्ता लावलेला असतो. प्रत्येक मूल आपल्या वेगाने एकेक पायरी चढते. आजारपणामुळे वा सुगीत आईबापांबरोबर गेल्यामुळे पंधरा दिवस बुडालेले मूल परत आले, की जेथे थांबले होते त्याच पायरीपासून पुढे जाते. पुढे ही पद्धत राज्यातील सरकारी शाळांच्या पहिल्या इयत्तांत लागू झाली. ती चालविणे शिक्षकाच्या उत्साहावर अवलंबून राहते, हे खरे. पण मागे पडलेल्या मुलास 'मागे' न म्हणण्याची युक्ती तिच्यात आहे.

शिक्षकांनी काही खर्च न करता करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. फळ्यावर जे लिहावे ते मोठ्याने वाचावे, आणि बोलताना तोंड मुलांकडे असावे. सूचना एका वेळी एकच द्यावी. अपूर्णांक शिकविताना जोंधळ्याची भाकरी घेऊन तिचे चार तुकडे करून दाखवावेत. दहक-एकक शिकविताना चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करावेत. अक्षर अडत असेल तर ताटात वाळू पसरून त्यावर बोटाने गिरवू द्यावे आणि गिरविताना ध्वनी म्हणू द्यावा. ज्यास लिहिता येत नाही त्याचे उत्तर तोंडी घ्यावे. अर्धे ऐकू येणाऱ्या मुलास पुढे, खिडकीकडे पाठ करून बसवावे. मोठ्याने वाचन करावयाचे असेल तर आदल्या दिवशी त्या मुलास त्याचा परिच्छेद सांगून ठेवावा, म्हणजे तो घरी तयारी करील आणि चारचौघांत त्याची फजिती होणार नाही. ह्यांतील एकही गोष्ट इतर मुलांस अपायकारक नाही. उलट सगळ्या वर्गासच धडा अधिक समजतो.

कायदा काय म्हणतो

आईबापांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. शिक्षकाने मुलाकडे पाहणे हा आता केवळ त्याच्या दयेचा भाग राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मानली असून अध्ययन अक्षमता ही त्यांपैकी एक आहे. दाखल्यात दिव्यांगता ४० टक्के वा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत वा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. परीक्षेत अधिक वेळ, लिहिणारा मदतनीस, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ह्यांची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तीन भाषांच्या ओझ्याखाली वाकलेल्या आपल्या मुलांस ही शेवटची गोष्ट किती मोलाची आहे, हे निराळे सांगावयास नको.

मात्र ह्यासाठी तपासणी व्हावी लागते. प्रथम डोळे आणि कान तपासावेत. तेथेच कित्येकांचे कोडे सुटते. कानाच्या व बोलण्याच्या दोषासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाणी व श्रवण संस्था प्रसिद्ध आहे. अध्ययन अक्षमतेचे निदान साधारण आठ वर्षांच्या वयानंतरच निश्चित होते. तोपर्यंत घाईने मुलावर शिक्का मारू नये आणि मदत मात्र थांबवू नये. धारवाडात मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे. लोक तिला अजूनही वेड्यांचे इस्पितळ म्हणतात आणि तिच्या दारात पाऊल टाकावयास लाजतात. मूल तापाने फणफणले तर आपण दवाखान्यात जावयास लाजतो काय? मग येथे लाज कसली?

घरच्यांसाठी आणखी दोन शब्द. सकाळी शाळेच्या वेळेसच ज्याचे पोट दुखते, वही दाखवावयास जो टाळाटाळ करतो, वाचनाच्या तासाला ज्यास हटकून तहान लागते, त्यास मारण्याआधी जवळ घेऊन विचारावे. रोज रात्री दहा मिनिटे त्याचा धडा थोरल्या भावंडाने वा आजीने त्यास वाचून दाखवावा आणि त्याच्याकडून तोंडी ऐकावा. आणि शेजारच्या मुलाशी तुलना, ही एक गोष्ट घरातून कायमची काढून टाकावी.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. चमत्कार काही झाला नाही. आम्ही बाईबरोबर शाळेत गेलो. दाखला मागावयास नव्हे, तर वर्गशिक्षकांशी बोलावयास. ते भले गृहस्थ निघाले. "इतके दिवस मला कोणी सांगितलेच नाही," ते म्हणाले, आणि प्रश्न वाचून दाखवून तोंडी उत्तरे घेण्याचे त्यांनी कबूल केले. मुलाचे डोळे तपासले, कान तपासले. पुढील तपासणी धारवाडात चालू आहे, तीन वेळा खेटे झाले, बाईचा तीन दिवसांचा रोज बुडाला. तो आजही अडखळतच वाचतो. पण गणित तोंडी सोडविण्यात तो वर्गात पुढे आहे. मामाच्या ग्यारेजात तो जातो, तो रविवारी दुपारी, हौसेने.

आणि सकाळी तो धर्मशिक्षणाच्या वर्गास येतो. आता आम्ही कोणासही अचानक उभे करून वाचावयास लावीत नाही. आधी दाखला सांगतो, मग मुले तो सांगतात, चित्र काढतात, एकमेकांस वठवून दाखवितात, आणि शेवटी ज्यास वाचावयाचे तो वाचतो. वर्ग पूर्वीपेक्षा गोंगाटाचा झाला आहे, हे कबूल केले पाहिजे. गेल्या महिन्यात त्या मुलास आम्ही म्हटले, "तुला त्या दिवशी उभे ठेवले, ती आमची चूक झाली." तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "फादर, मला वाटलं तुम्ही विसरलात."

मुले विसरत नाहीत. म्हणून, वाचकहो, आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात मागच्या बाकावर जे मूल बसले आहे, त्याच्याकडे ह्याच आठवड्यात एकदा नीट पाहा, आणि त्यास वाचावयास न लावता काहीतरी सांगावयास सांगा.